बिनकामाचं चालणं

मोठी माय मला धुळ्यात, देवपुरातल्या दत्तमंदिर चौकाच्या अलीकडे दिसली. दिवेलागणीची वेळ होती. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, चाल लगबगीची. भाजीला निघाली असेल असं वाटून मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, चल, सोडते. ती नको नको म्हणाली. मग आजूबाजूला एकदा बघून घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की डॉक्टरने रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, तेच चाललंय. साखर वाढली आहे, गोळी एकाची दोन झाली आहे. मग पिशवी कशाला, मी विचारलं. पिशवी रिकामी होती. ती म्हणाली, "हात हालावत फिरसू तं लोक काय म्हनतीन?" आणि ती पुढे गेली सुद्धा. तिचा अर्धा तास मोडत होता.

लोक काय म्हणतील हे वाक्य आमच्याकडे कुणाच्याही तोंडी असतं, त्याचं मला नवल नाही. पण हे कोण म्हणत होतं? बोरी नदीकाठच्या आमच्या गावात मी लहानपणी उठायचे तेव्हा मोठी माय उठून दोन तास झालेले असायचे. विहिरीचं पाणी शेंदून झालेलं, गोठा झाडलेला, चुलीत पऱ्हाटी धडधडत असायची आणि कळण्याच्या भाकरीचा करपट-गोड वास ओट्यापर्यंत यायचा. त्यानंतर वावर. निंदणीच्या दिवसांत ती दिवसभर उकिडवी बसून सरकत सरकत पुढे जायची. कापूस वेचायला लागला की कमरेला ओटी बांधून ओळीनं चालायची. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांची पेरं सोललेली असायची, संध्याकाळी ती त्यांना गोडंतेल लावायची. ओटी भरली की गाठोड्यात रिती करायची, दिवस कलताना ते गाठोडं डोक्यावर घेऊन बांधापर्यंत यायची, आणि काट्यावर वजन होईपर्यंत उभीच. चैत्रात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवताना त्या मोठ्या पातेल्यातला घाटा दोन्ही हातांनी फिरवायला दोन बाया लागायच्या, ती एकटी फिरवायची. पुरणाचे मांडे करताना लोळी दोन्ही हातांवर झुलवत इतकी मोठी करायची की खापर झाकून जायचं. तिच्या दंडाचे स्नायू मला आजही दिसतात. मी पुढे शरीरशास्त्राच्या पुस्तकात ज्या स्नायूंची लॅटिन नावं पाठ केली, ते मी आधी तिच्या हातावर हलताना पाहिले होते.

त्या बाईला चालायला पिशवी लागते.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे. बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला असताना आमची कूपर चाचणी घेतली होती: बारा मिनिटांत जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापायचं, आणि त्यावरून तुमच्या हृदयाची आणि फुप्फुसांची ताकद ठरवायची. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी ती १९६८ साली मांडली. मला त्या चाचणीपेक्षा त्यामागची कल्पना आवडली होती. कुणालाही न हरवता, कुठलंही पदक न मिळवता धावायचं, फक्त स्वतःचं शरीर कुठे आहे ते कळावं म्हणून. कूपर यांनी पुढे डॅलसमध्ये उभ्या केलेल्या संस्थेत स्टीव्हन ब्लेअर नावाच्या माणसाने आपल्या आयुष्याची दोन दशकं संशोधनात घालवली. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. कॅन्ससमधल्या शेतावर वाढलेले, आणि डॉक्टरेट शारीरिक शिक्षणातली. आमच्याच पेशाचा माणूस. शाळेत ज्या विषयाचा तास परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी गणिताला देऊन टाकतात, त्या विषयाच्या माणसाने मृत्यूबद्दलची जगाची समजूत बदलली, याचा मला आतून अभिमान वाटत आला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्लेअर गेले. इकडे ती बातमी कुठे आली नाही. मी दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुलींना त्यांच्याबद्दल सांगितलं.

त्यांच्या आधीचं सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराने माणसं पटापट मरत होती आणि कारण कुणाला नीट सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्या माणसांकडे बघितलं. एकाच डेपोत, एकाच गणवेशात, साधारण एकाच प्रकारच्या वस्तीतून आलेली दोन माणसं: एक दिवसभर चाक धरून बसलेला, दुसरा तिकिटं फाडत दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. त्यांनी सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं: वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी, आणि झाला तरी उशिरा व कमी जीवघेणा. चालक मुळातच जाडे असतील, अशी शंका येणारच. म्हणून मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटच्या कमरेची मापंसुद्धा मिळवली. चालकांच्या पँटी खरोखरच जास्त घेराच्या निघाल्या, पण त्याने सगळा फरक भरून निघत नव्हता. शिंप्याच्या वहीतून हृदयाकडे जाणारी ती वाट मला फार मोलाची वाटते. पोस्टमन आणि टपाल खात्यातले बैठे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. मॉरिस स्वतः ९९ वर्षांचे होऊन गेले.

मी अमळनेरहून धुळ्याला एसटीने जाते तेव्हा वाहकाकडे बघायची मला सवय लागली आहे. आमच्या एसटीला जिना नाही, पण बाजाराच्या दिवशी दोन्ही बाजूंनी कोंबलेल्या गाडीत माणसं आणि गाठोडी ओलांडत पार मागच्या बाकापर्यंत जाऊन परत येणं हेही चढणच आहे. आणि चालक, एकाच जागी, गिअरच्या दांड्याशी, ४४-४५ अंशांच्या वैशाखात इंजिनाच्या धगीला गुडघा लावून. मॉरिसनी जे लंडनमध्ये पाहिलं ते इथंही असेल का, हे कुणीतरी तपासायला हवं असं प्रत्येक वेळी वाटतं.

ब्लेअर यांनी कामाकडून शरीराकडे मोर्चा वळवला. माणूस काय काम करतो हे विचारण्यापेक्षा त्याला ट्रेडमिलवर चढवा, चढ वाढवत न्या, किती वेळ टिकतो ते मोजा, आणि मग वर्षानुवर्षं वाट बघा. १९८९ साली त्यांनी १३,३४४ माणसांचा हिशेब मांडला. त्यात ३,१२० स्त्रिया होत्या. मॉरिसच्या पाहणीत सगळे पुरुषच होते, म्हणून हा आकडा मी अधोरेखित करून ठेवलेला आहे. सरासरी आठ वर्षांहून थोडा जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. क्षमतेनुसार पाच गट पाडले, तर सगळ्यात कमी ताकदीच्या गटातल्या पुरुषांत दर १०,००० माणूस-वर्षांमागे (म्हणजे १०,००० माणसांवर एक वर्ष लक्ष ठेवलं तर) ६४ मृत्यू, आणि सगळ्यात जास्त ताकदीच्या गटात १८.६. स्त्रियांत ३९.५ विरुद्ध ८.५. पण मला ज्या गोष्टीने धरून ठेवलं ती या टोकांमध्ये नाही. सगळ्यात मोठी घट तळाच्या गटातून फक्त एक पायरी वर आल्यावर दिसत होती. वरच्या गटांमध्ये, जिथे धावणारे, पोहणारे लोक असणार, तिथे फरक लहान लहान होत गेलेला. म्हणजे सगळ्यात जास्त मिळकत त्याची, जो काहीच करत नव्हता आणि आता थोडंसं करायला लागला. खेळाडूला आणखी पळवून जे मिळत नाही ते बसलेल्या माणसाला उठवून मिळतं.

हे वाचल्यावर माझं शिकवणं बदललं. त्याआधी माझं सगळं लक्ष जिल्हास्तरावर जाणाऱ्या खो-खोच्या मुलींवर असायचं. आता ‘मॅडम, पोटात दुखतंय’ म्हणून कडेला निंबाखाली बसणाऱ्या मुलींकडे आधी जाते.

१९९६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा शारीरिक हालचालीवरचा अहवाल आला, त्याचे मुख्य शास्त्रीय संपादक ब्लेअर होते. घामाघूम व्हायलाच हवं असं नाही, रोजचं भरभर चालणंही पुरतं, हे सरकारी शिक्क्यानिशी लोकांपर्यंत पोचलं ते तिथून. देवपुरातल्या डॉक्टरच्या तोंडातला ‘रोज अर्धा तास’ त्याच वाटेने आलेला आहे. आज जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. आणि मधुमेहात तर त्याचं काम अगदी उघड आहे. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर स्वतः ओढून घेतात. जेवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटं चालून आलेल्या माणसाच्या शरीरात ते घडत असतं, मग तो माणूस डॅलसचा असो की देवपूरचा.

ब्लेअर यांचं आणखी एक म्हणणं होतं, आणि ते त्यांनी आयुष्यभर सोडलं नाही: वजनाच्या काट्यापेक्षा ताकद बघा. जाड पण सक्षम माणूस हा बारीक पण दुबळ्या माणसापेक्षा सुरक्षित असू शकतो. ते स्वतः बुटके, स्थूल, टकलू होते, दशकानुदशकं रोज धावत राहिले आणि तरी तसेच राहिले, हे ते सभांमधून मोकळेपणी सांगत. जाड मुलीला वर्गात, घरात, सगळीकडे जे ऐकावं लागतं ते मी रोज ऐकते. आरशात काही फरक दिसला नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडून देणाऱ्या बायाही मी पाहते. त्यांना सांगायला माझ्याजवळ हा माणूस आहे, याचा मला आधार वाटतो.

आणि तरीही याच म्हणण्याच्या कडेला जे झालं ते मला सोडून देता येत नाही. २०१५ साली बाहेर आलं, की ब्लेअर ज्या शास्त्रज्ञांच्या मंचाचे एक प्रमुख होते, त्याच्या उभारणीला कोका-कोलाने १५ लाख डॉलर दिले होते. त्या मंचाच्या प्रचारात ब्लेअर म्हणत होते, की लठ्ठपणाचं खापर खाण्यावर आणि गोड पेयांवर फोडलं जातं, त्याला भक्कम पुरावा नाही. मोठा गदारोळ झाला, आणि वर्ष संपता संपता तो मंच बंद झाला. मला हे वाचून घरातल्या माणसाबद्दल ऐकावं तसं झालं. हालचालीचं महत्त्व त्यांनी ज्या आकड्यांनी सिद्ध केलं ते आकडे खरेच आहेत, ते त्या पैशाच्या कितीतरी आधीचे आहेत. पण हालचाल महत्त्वाची म्हणून खाणं बिनमहत्त्वाचं, हे कुठून आलं? आमच्या गावात पाण्याचा टँकर यायला उशीर होतो, पण स्टँडवरच्या टपरीत थंड बाटली कायम असते. लग्नाच्या पंगतीत आता मठ्ठ्याऐवजी तीच फिरते. मोठ्या मायच्या नातवाला शाळेतून आल्याबरोबर ती लागते. त्या बाटलीतली साखर कुणी चालून जिरवायची, हे त्या पोराला सांगायची जबाबदारी शास्त्रज्ञाची होती. ब्लेअर यांच्याबद्दलचा माझा आदर गेलेला नाही. तो आता सावध झाला आहे, आणि पैसा कुठून आला हे मी प्रत्येक सल्ल्याच्या मागे जाऊन बघते.

दुसरा प्रश्न माणसांचा. डॅलसच्या त्या तपासणी केंद्रात येणारे लोक बहुतेक गोरे, शिकलेले, खाऊनपिऊन सुखी होते. त्यांच्या शरीराचा नियम आमच्या शरीराला कितपत लागू पडतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हे खरं. पण याज्ञिक यांचं सांगणं त्याहून खोल आहे: आपल्याकडचं मूल जन्मतःच वजनाने कमी आणि चरबीने जास्त असतं, आईच्या पोटात असल्यापासून ते घडत आलेलं असतं. ब्लेअर म्हणत, जाड असूनही ठणठणीत असता येतं. याज्ञिक सांगतात, बारीक दिसूनही आतून जाड असता येतं. मोठी माय उभं आयुष्य काटकुळीच होती. तिला साखर निघाली तेव्हा घरात सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, की हिच्या अंगावर आहे काय?

त्यानंतरचं दुसरं वाक्य होतं: हिने आयुष्यभर एवढे कष्ट केले, हिला कशाला व्यायाम?

हे वाक्य गावात मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली. एक उत्तर सरळ आहे. पूर्वी केलेली हालचाल साठवून ठेवता येत नाही. वावर सुटलं, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं, पाणी नळाला, पीठ गिरणीतून, भाकऱ्या चार. वर्षभरात स्नायू उतरतात आणि जुन्या कष्टाचं संरक्षणही त्यांच्याबरोबर उतरतं. दुसरं उत्तर अवघड आहे. अलीकडच्या वर्षांत डेन्मार्कसारख्या देशांतल्या संशोधकांना दिसायला लागलंय, की फावल्या वेळात केलेली हालचाल हृदयाला जे देते ते पोटासाठी केलेले जड कष्ट देतातच असं नाही. फिरायला जाणारा माणूस दमला की थांबतो, घरी येऊन पाय पसरतो. कापूस वेचणारी बाई दमली तरी थांबत नाही, कारण मजुरी किलोवर असते. उन्हाचा, वाकून राहण्याचा, तासन् तास विसावा न मिळण्याचा भार शरीर व्यायाम म्हणून घेत नाही, झीज म्हणून घेतं. मोठ्या मायचे गुडघे आणि कंबर आज जे सांगतात ते मला त्या शोधनिबंधांपेक्षा आधी ठाऊक होतं. म्हणून तिच्या कष्टाचे गोडवे गाणारं कुणी भेटलं, जुन्या बायका कशा काटक होत्या असं म्हणायला लागलं, की मला त्रास होतो. ते कष्ट तिने निवडलेले नव्हते. काटक राहिल्या त्याच आपल्याला आठवतात. ज्या लवकर गेल्या त्यांच्या काटकपणाबद्दल कुणी बोलत नाही.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१४ साली छापून आलेल्या पाहणीत महाराष्ट्रही होता. तिच्यात निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के लोक निष्क्रिय निघाले, आणि निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी, विरंगुळ्यासाठी काही हालचाल करणारे १० टक्क्यांहूनही कमी. २०२४ मध्ये आलेल्या जागतिक हिशेबात भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी होती: पुरुष सुमारे ४२ टक्के, बाया ५७. हा पंधरा टक्क्यांचा फरक कुठून येतो ते शोधायला मला लांब जावं लागत नाही. धुळ्याच्या नकाणे तलावाकडे पहाटे फिरणारे बघा, जळगावच्या मेहरूण तलावाला जाऊन बघा. बाया आहेत, आणि वाढतायत, पण बहुतेक नवऱ्याबरोबर किंवा घोळक्याने. एकटी, साठीची, लुगड्यातली बाई शोधून दाखवा.

मोठी माय चालत नाही असं कुठे आहे? चैत्रात ती सप्तशृंगीच्या गडाला पायी गेलेली आहे. खानदेशातून त्या दिवसांत रस्ते माणसांनी भरून जातात. डांबर वितळलेलं, पायाला फडकी गुंडाळलेली, वाटेत कुणी ताक वाटतंय, कुणी पाय चेपून देतंय, मुक्कामाला शाळेच्या ओट्यावर अंग टाकायचं आणि पहाटे चांदण्यात पुन्हा निघायचं. सबंध खानदेश ओलांडून ती गड चढली तेव्हा तिला कुणी काही म्हटलं नाही, उलट पाया पडले. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला! सासरहून लेकी आल्या की वाड्यातल्या निंबाला झोका चढायचा. मोठी माय तेव्हा पन्नाशीत होती. दोघी समोरासमोर उभ्या राहून, लुगड्याचा काचा मारून, गुडघ्यात वाकून झोका असा काही घ्यायच्या की वरच्या फांदीचा पाला अंगावर पडायचा. गाणं चाललेलं, श्वास लागलेला, हसणं थांबत नाही. ट्रेडमिलवर जे मोजतात ते सगळं त्या झोक्यावर होतं, आणि वर आनंद होता. त्या वेळची ती मला इतकी मोकळी दिसायची की वर्षभर वावरात राबणारी बाई हीच, हे खरं वाटायचं नाही.

देवासाठी चाललं तर चालतं, सणासाठी चालतं, कामासाठी तर चालावंच लागतं. शरीराला बरं वाटावं म्हणून, एवढ्याचसाठी, बाईने घराबाहेर पडायचं, याला अजून आमच्या रस्त्याने होकार दिलेला नाही. मॉरिस, कूपर, ब्लेअर यांनी पन्नास-साठ वर्षं खपून हालचालीला तिची स्वतःची किंमत मिळवून दिली. ती किंमत डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत आली आणि तिथून पुढे आमच्या गल्लीत शिरताना अडली. माहिती कमी पडतेय असं मला आता वाटत नाही. अर्धा तास चालायचं हे मोठ्या मायला पाठ आहे.

शाळेत याची सुरुवात मी रोज बघते. पाचवीतल्या मुली मधल्या सुट्टीत लंगडी घालतात, ओरडतात, पडतात, गुडघे फोडून घेतात. आठवीत आल्या की कडेने उभ्या. कुणी मनाई केलेली नसते. ओढणी सावरायची असते, पाळी असते, कपड्यांवर डाग पडायची भीती असते, मैदानाच्या कुंपणापलीकडे पोरं उभी असतात. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली आल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. चार-चार किलोमीटरवरच्या खेड्यांतून मुली वाऱ्याला तोंड देत यायच्या, शाळेच्या फाटकातून शिरताना लाल झालेले चेहरे, कपाळाला चिकटलेले केस. एवढी हालचाल माझ्या कुठल्याच तासाने त्यांना दिली नसती. बारावी झाली की त्याच सायकली गोठ्यात पडतात किंवा धाकटा भाऊ फिरवतो. मुलीला बाहेर जायला आता कारण उरलेलं नसतं. या मुलींचं आणि मोठ्या मायचं वय सोडलं तर मला काही वेगळं दिसत नाही.

तिला मी नंतर घरी जाऊन विचारलं, खरं सांग, लोक कुणी काही बोललं का? तिने बराच वेळ शेंगा सोलल्या. मग एकेक निघालं. समोरच्या बिल्डिंगमधली म्हणाली, सुनेशी पटत नाही वाटतं, रोज संध्याकाळी बाहेर असतात. हे एक. मग कुत्री. मग अंधार, मधले तीन खांब बंद आहेत. मग गळ्यातली पोत, कुणी हिसकली तर? फुटपाथ नाहीच, जिथे आहे तिथे गाड्या लागलेल्या, आणि साक्री रोडने वाळूचे डंपर असे येतात की साडीचा पदर ओढला जातो. मी तिला कॅनव्हासचे बूट आणून दिले होते, ते कपाटात होते; लुगड्याखाली बूट घातले की सगळे पायाकडेच बघतात, ती म्हणाली. आणि शेवटी, सहज बोलावं तशी, "एकलीले करमत नही बाई." वावरात ओळीला शेजारी कुणीतरी असायचं. बोलणं व्हायचं, दिवस निघून जायचा.

मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. यातल्या एकाही गोष्टीवर गोळी नाही आणि भाषणही नाही. खांब लावता येतात. कुत्र्यांचा बंदोबस्त नगरपालिका-महापालिकांना करता येतो. सोबत जमवता येते. सार्वजनिक आरोग्य म्हणजे फवारणी आणि लसीकरण एवढंच आम्हाला शिकवलं गेलं. तीन बंद खांब हेही सार्वजनिक आरोग्यच आहे, हे प्रभागाच्या सभेत कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं. मी म्हटलं. दोन खांब लागले आहेत.

आता खटपट मैदानाची चालली आहे. वस्तीजवळच्या एका शाळेचं मोठं मैदान पाच वाजता कुलूपबंद होतं. चारी बाजूंनी भिंत, कडेने निंबाची सावली, गाड्या नाहीत, कुत्री नाहीत. संध्याकाळी सहा ते साडेसात फक्त बायांसाठी ते उघडं ठेवा असा अर्ज आम्ही दिला आहे. त्याखाली सह्या आहेत आणि अंगठेही आहेत, मोठ्या मायचा अंगठा दुसरा. पहिला अंगठा सुनेशी पटत नाही म्हणणाऱ्या समोरच्या बाईच्या सासूचा. तिलाही साखर आहे. संस्थेचं म्हणणं, रखवालदाराला जास्तीचे दीड तास कोण देणार आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची? रखवालदाराचे पैसे वर्गणीतून काढू, असं बायांनी परस्पर ठरवलंय. जबाबदारीचं पत्र मी माझ्या नावाने लिहून दिलं आहे. पुढची बैठक आखाजीनंतर आहे, आणि तिथे निंबाला झोका बांधायची परवानगीही मागायची असं काल एकीने सुचवलं. ते अर्जात कुठल्या सदराखाली घालायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.